शंभर मीटरच्या आत

भालकीकरकाका वायर विकत घेण्याआधी तिच्यावर बसून बघत.

हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण मी स्वतः बघितलंय. कोठी बाजाराच्या गल्लीतल्या युसुफभाईंच्या दुकानात वायरीचं वेटोळं जमिनीवर ठेवायचं, पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढायची आणि पाटावर बसावं तसं त्या वेटोळ्यावर बसायचं. मग चहा मागवायचा. चहा संपला की उठायचं आणि वायरीकडे बघत राहायचं. ती हळूहळू पहिल्यासारखी गोल झाली तर काका मान हलवायचे. दबून चेपटी राहिली तर म्हणायचे, "नक्को. हिला मानहानी सोसत नाही."

युसुफभाईंना त्याची सवय होती. "लोगां वायर खरीदने आते," ते मला म्हणाले, "साब रिश्ता जोडने आते."

"रिश्ताच आहे," काका म्हणाले. "एकदा स्टेजवर घातली की हिच्याशिवाय कुणी नाही."

काका तारनाक्याच्या एका रेल्वेच्या शिक्षणसंस्थेत सिग्नल आणि टेलिफोन शिकवून निवृत्त झाले होते. हिमायतनगरच्या एका आतल्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाचा छोटा हॉल आहे, तिथलं माइक-स्पीकरचं सगळं काम ते बघत. कुणी नेमलं नव्हतं, आणि काढायची हिंमतही कुणात नव्हती. मंडळात त्यांना सगळे पाठीमागे 'शंभर मीटर' म्हणत. कारण बोलणं कुठूनही सुरू झालं तरी काका तिथे येऊन थांबायचे. कुणाचा मुलगा अमेरिकेला गेला, कुणी घर विकून कुकटपल्लीला राहायला गेलं, की काका म्हणायचे, "काय की बा. शंभर मीटरच्या पुढे माझी गॅरंटी नाही."

मी मंडळात आले ती वेगळ्याच कारणाने. माझं गाव वसमतजवळ. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. इथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला आले आणि होस्टेलवर राहिले. आम्हाला उदारीकरणावर एक प्रश्न परीक्षेत हमखास असायचा, आणि मी तो पाठ करून लिहायचे. पण बसमधून दिसणाऱ्या काचेच्या इमारती आणि माझ्या वहीतलं उदारीकरण यांचा काही संबंध आहे असं मला फारसं वाटायचं नाही. रविवारी एकटं वाटायचं म्हणून कुणीतरी मंडळाचा पत्ता दिला. तिथली मुलं माझ्याहून हुशार, इंग्रजी फाडफाड बोलणारी. पण मराठी वाचायला दिलं की ती अडखळायची. "हे 'क्ष' आहे का 'ज्ञ'?" असं विचारायची. मी मराठी शाळेतली. त्यामुळे पहिल्याच महिन्यात निवेदनाचा कागद माझ्या हातात आला. मला धड चारचौघांत बोलता येत नव्हतं, तरी वाचता येतं एवढ्यावर मी निवेदिका झाले.

त्याच सुमाराला मंडळात नवा डिजिटल मिक्सर आला. निखिल साठे म्हणून पुण्याचे एक सभासद होते, हायटेक सिटीत नोकरीला. त्यांनी मित्रांकडून जमवाजमव करून तो मंडळाला दिला. त्याआधी स्टेजवरून मागच्या टेबलापर्यंत एक जाडजूड केबल जायची. तिच्या पोटात प्रत्येक माइकची वेगळी तार. धंद्यात तिला स्नेक म्हणतात, मंडळातली मुलं तिला अजगर म्हणायची. ती उचलायला दोन माणसं लागायची आणि दोघांचीही कंबर धरायची. आता स्टेजवर एक डबा ठेवायचा, सगळे माइक त्यात लावायचे, आणि त्या डब्यातून मिक्सरपर्यंत एकच बारीक वायर. कॉम्प्युटरला लावतात तशी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र त्या बारीक वायरीकडे, मुलीला बघायला आलेल्या मुलाकडे बापाने बघावं तसे बघत होते.

"पूर्वी एक तार तुटली तर तबला जायचा," ते म्हणाले. "आता एक तुटली की मैफलच जाते. ही वायर कोण आणणार?"

"अहो काका, वायरीचं काय एवढं," निखिलदादा म्हणाले. "आमच्या ऑफिसचं वायरिंग झालं, त्यातलं हे अख्खं खोकं उरलंय. एक नंबर माल आहे. आमची सगळी कंपनी ह्याच वायरीवर चालते."

काकांनी खोक्यातून हातभर वायर ओढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली. ती तशीच वाकडी राहिली.

"तुमची कंपनी तुम्ही रोज संध्याकाळी गुंडाळून ठेवता का?"

"म्हणजे?"

"ही भिंतीतली वायर आहे. आत एकेक सबंध तार. एकदा भिंतीत घातली की जन्मभर हलायचं नाही. हिला दर रविवारी पसरा, गुंडाळा, वरून हार्मोनियमवाले पाय देणार. चार महिन्यांत आतून मोडते. वरून कळत पण नाही. आपल्याला आतून बारीक तारांचा पीळ पाहिजे. वाकणारी. फिरस्ती."

"पण काका, पिळाची वायर लांब गेली की सिग्नल जास्त क्षीण होतो," निखिलदादा म्हणाले. त्यांचंही खरं होतं.

"हौ. म्हणून तर निवडायची असते," काका खूश होऊन म्हणाले. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याशी मुद्द्याचं भांडत होतं.

मग आम्ही कोठीला गेलो. मी गेले कारण मला तिकडूनच पुढे बस होती, आणि काकांना बरोबर ऐकणारं कुणीतरी लागायचं. युसुफभाईंनी एकामागून एक वेटोळी काढली. काका खिशातलं ब्लेड काढून तारेचं टोक खरवडायचे. तांब्याखाली पांढरं दिसलं की वायर बाजूला.

"वरून तांबं, आत जर्मन," ते म्हणायचे. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. "पोरी, पूर्वी ह्या गल्लीत एकच वायर मिळायची. चांगली का वाईट, प्रश्नच नव्हता, आहे ती घ्या. आता बघ, भिंतभर वायरी. सगळं मिळतं. फक्त खरवडून बघायला लागतं. लिही हे तुझ्या पेपरात."

मी पेपरात लिहिलं नाही. पण वहीतल्या प्रश्नापेक्षा ते मला जास्त समजलं.

बसून झालं, खरवडून झालं, मग काकांनी वायर दुकानाच्या फरशीवर फेकली. जी पडल्यावर उसळते ती भांडखोर, जी अंग टाकून निवांत पडते ती स्टेजची. शेवटी एक निवांत वायर मिळाली. काळी, मऊ, आतून जाळीचं वेष्टण असलेली. दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेले कनेक्टर बसवायचे ठरले, कुणाचा पाय अडकला तरी न निसटणारे. "प्लॅस्टिकची ती इवलीशी जीभ," काका म्हणाले, "तिच्या भरवशावर मी गाणाऱ्या बाईला उभी करणार नाही."

नवल पुढेच घडलं. एवढी नावं ठेवलेलं ते निखिलदादांचं खोकं काकांनी परत केलंच नाही. "असू द्या इथं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सायकलला बांधून घरी घेऊन गेले. स्टेजवर ठेवतात तसला आणखी एक छोटा डबाही त्यांनी स्वतःच आणला. कुणी विचारलं तर "स्पेअर आहे, घरी ठेवलाय."

"शेवटी माझीच वायर लागली ना!" निखिलदादा सगळ्यांना सांगत सुटले. काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. वायर गुंडाळायची त्यांची पद्धत ठरलेली, एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. कुणी घाईने हात आणि कोपर यांच्यावर गुंडाळायला लागलं की काका डोळे मिटून घ्यायचे. त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती, "कोपरावर वायर गुंडाळणारा माणूस!" एका मंत्र्यालाही ते हेच म्हणाले होते, टीव्हीकडे बघून.

आणि माइक तपासायची पद्धत तर त्याहून विचित्र. 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' म्हणायला बंदी.

"हॅलो म्हणणारा माणूस स्वतःच्या आवाजात बोलतच नाही," काका म्हणायचे. "खरं काहीतरी सांग. सकाळी काय खाल्लंस?"

पहिल्या वेळी मी पुटपुटले, "उपमा."

"मोठ्याने. कसा होता?"

"होस्टेलचा होता."

"म्हणजे कसा?"

"काका, मला उपमा आवडत नाही. मला ज्वारीची भाकरी लागते. इथे आल्यापासून खाल्ली नाही." हे बोलताना माझा आवाज चमत्कारिक झाला, आणि तो चारही स्पीकरमधून माझ्यावरच परत आला. मला फार लाज वाटली. काका मात्र कळा फिरवत शांतपणे म्हणाले, "हां. आता आला तुझा आवाज."

पुढच्या रविवारी त्यांनी एक डबा माझ्या हातात दिला. आत दोन भाकऱ्या आणि ठेचा. "घरी जास्ती झाल्या होत्या," ते म्हणाले. भाकऱ्या जाड होत्या, कडेला करपलेल्या. मी एकही घास टाकला नाही. त्यानंतर अधूनमधून त्यांच्या घरी भाकऱ्या जास्ती होत राहिल्या. तपासणीतले प्रश्नही वाढले. गावाकडे पाऊस झाला का? धाकट्या बहिणीचं दहावीचं काय झालं? खोलीतली ती तेलुगू मुलगी अजून रात्री लाइट बंद करू देत नाही का? बाकीच्यांनाही विचारायचे. तबलजींची सून, पेटीवाल्यांचा गुडघा. माइकसमोर सगळे खरं सांगायचे, आणि काका कानावर हेडफोन लावून मान डोलवायचे.

मंडळाच्या कमिटीची बैठक असली तरी काका माइक लावायचे. खोलीत दहा-बारा माणसं, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली, आणि प्रत्येकाच्या पुढे माइक. "अहो, मी तुम्हाला हात लावू शकतो एवढ्या जवळ आहे," अध्यक्ष देशमुख म्हणायचे. "रीत म्हणजे रीत," काका म्हणायचे.

असं दोनेक वर्षं चाललं. मंडळ वाढत गेलं. पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली मुलं, त्यांचे आईबाप, बाळं. वार्षिक कार्यक्रमाला निम्मे लोक गल्लीत उभे राहून ऐकायला लागले. मग एका रविवारच्या बैठकीत देशमुखांनी ठराव मांडला, यंदापासून कार्यक्रम शहरातल्या मोठ्या सभागृहात, आणि महिन्याच्या मैफलीही हळूहळू तिकडेच.

"जमणार नाही," काका म्हणाले.

"का?"

"वायर पोचणार नाही. शंभर मीटर."

हसू फुटलं. निखिलदादा समजुतीने म्हणाले, "काका, तिथे स्टेजपासून मिक्सर फार तर चाळीस मीटर आहे. मी स्वतः बघून आलोय."

"ते तुमचं चाळीस. शंभरच्या पुढं जात नाही म्हणजे नाही. जुनी वायर लांब गेली तर आवाज बारीक व्हायचा, पण यायचा. ही नवी तशी नाही. शंभरपर्यंत सगळं देते, आणि पुढे काहीच देत नाही."

"भालकीकर, कुठलं शंभर? काय बोलताय?" देशमुख वैतागले. "गल्लीत म्हातारी माणसं उभी राहतात. तुमच्या हट्टापायी—"

"मग साउंडला तुमची दुसरी माणसं बघा," काका म्हणाले, आणि उठले. ते इतके रागात होते की मिक्सर बंद न करताच गेले. हे त्यांच्याकडून कधी झालं नव्हतं. यात काहीतरी वेगळं आहे हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

मिक्सरच्या पेटीची किल्ली त्यांच्या खिशात राहिली होती. ती आणायला आणि जमलं तर समजूत काढायला देशमुखांनी मला पाठवलं. हॉलच्या मागचीच गल्ली, वर दुसरा मजला. एवढ्या दिवसांत मी कधी तिथे गेले नव्हते. कुणीच जात नसे. काकूंची तब्येत बरी नसते, त्यांना कुणी आलेलं आवडत नाही, एवढंच मंडळात बोललं जायचं.

काकांनी दार उघडलं. "किल्ली ना? थांब," म्हणून आत गेले.

तेवढ्यात खोलीतून आवाज आला, "येतोय का परत शंभर मीटर?" आणि पाठोपाठ हसणं. तो देशमुखांचा आवाज होता. इतका स्वच्छ की ते माझ्या मागून जिना चढून आले असं वाटून मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

खोलीत खिडकीपाशी पलंग होता. पलंगाशेजारी स्टुलावर स्पीकर, आणि त्याच्या खाली तो स्पेअर डबा. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. डब्यातून निघालेली वायर भिंतीला नीट चिकटवत चौकटीपर्यंत नेलेली होती, तिथून नळीतून बाहेर. गल्लीत केबल टीव्हीच्या इतक्या तारा लोंबत होत्या की त्यांत ही एक कुणाच्या नजरेला येणं शक्य नव्हतं. मी ती ओळखली. निखिलदादांच्या खोक्यातली, भिंतीतली वायर.

पलंगावर एक बारीक बाई उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला.

"सुमन ना?" त्या म्हणाल्या. एकेक शब्द शोधून आणल्यासारखा येत होता. "आवाजावरून... उंच वाटायचीस."

मी मान हलवली.

"तू भराभर... वाचतेस. वाक्य संपलं की... थांबत जा. लोकांना... टाळ्या वाजवायला... जागा पाहिजे."

काका दारात किल्ली घेऊन उभे होते. "वीस वर्षं निवेदन हीच करायची," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून खाली उतरली नाही. बोलणं असं झालेलं कुणी ऐकू नये म्हणते."

"भाकरी... जाड होती ना?" काकूंनी विचारलं. "हे करतात. मी इथून... सांगते."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की माइकसमोर मी दोन वर्षं कुणाला काय-काय सांगत होते.

स्पीकरमधून अजून बैठक चालूच होती. निखिलदादा म्हणत होते, "नाही हो, माणूस चांगला आहे, पण हट्टी." काका पुढे होऊन आवाज कमी करायला लागले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "मला मैफलीपेक्षा... मीटिंगच आवडते." मग माझ्याकडे वळून, "देशमुखांना सांग... मोठा हॉल घ्या. हे येतील."

"उगी बोलू नको," काका म्हणाले. "मी मोजून बघितलंय. इथून आपला हॉल शंभरच्या आत बसतो. ते सभागृह कुठं, आपण कुठं!"

"माझ्या एकटीसाठी... म्हातारी माणसं... रस्त्यावर?"

"गल्लीत मी स्पीकर लावतो की."

"फोनवर... ऐकेन."

"फोनवर!" काका असे ओरडले, जणू कुणी त्यांना गाणं पिशवीत भरून आणायला सांगितलं होतं. "मोबाईलचा आवाज म्हणजे तीनदा पाणी घातलेलं ताक! त्यात तानपुरा कुठं राहतो?"

"तानपुरा... मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तो मी... धरेन मनात."

भिंतीवर वायर जरा सुटली होती, तिथे जाऊन काका अंगठ्याने दाबत बसले. चिकटल्यावरही दाबत होते. मी किल्ली घेतली. जिन्यापर्यंत ते सोडायला आले.

"भिंतीतली वायर वाईट नसते, पोरी," ते हळू म्हणाले. "तिला हलवायचं नसतं, एवढंच. आणि हे तिकडे बोलू नको. लोक बघायला येतील."

मी बोलले नाही. आता लिहितेय ते काकूंना विचारून. "लिही," त्या म्हणाल्या, "पण थांबत थांबत."

वार्षिक कार्यक्रम मोठ्या सभागृहात झाला. काका आले. का आले हे कुणी विचारलं नाही, देशमुखांनी फक्त स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. काकांनी ती काळी मऊ वायर स्वतःच्या हाताने पसरली. सभागृह एवढं मोठं, पण वायर निम्मीच लागली. उरलेली वेटोळं करून त्यांनी पायापाशी ठेवली.

दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर मी माइकपाशी उभी राहिले.

"बोल," मागून काका म्हणाले. "सकाळी काय खाल्लंस?"

मी सांगायला लागले आणि मग पाहिलं, काकांनी हेडफोन लावलेच नव्हते. एका हातात मोबाईल, तो त्यांनी समोरच्या स्पीकरजवळ उंच धरला होता. मग तो कानाला लावला. परत स्पीकरजवळ. चेहरा असा, की तीनदा पाणी घातलेलं ताक कुणीतरी बळेच पाजतंय.

"हळू बोल. तिकडं शब्द तुटतायत. परत सांग."

"सकाळी," मी म्हणाले, आणि थांबले. "भाकरी खाल्ली." थांबले. "आणि पिठलं. काकांनी डबा आणला होता."

काकांनी फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिले. मग घसा खाकरून, एवढ्या मोठ्या सभागृहात, मला विचारलं, "ती विचारते, पिठल्यात मीठ बरोबर होतं का?"

मी माइकच्या जवळ गेले.

"कमी होतं, काकू," मी म्हणाले. माझा आवाज चारही भिंतींना लागून परत आला, आणि या वेळी मला लाज वाटली नाही.

काकांनी हात लांब करून फोन तसाच स्पीकरसमोर धरून ठेवला. दुसऱ्या हाताने ते, मान खाली घालून, मिक्सरची कुठलीशी कळ उगीच मागेपुढे करत राहिले.